कपाटात म्हातारी होणारी बॅटरी

आत्याचा ई-रीडर, म्हणजे पडद्यावर पुस्तकं वाचायचं यंत्र, तीन वर्षं कपाटात होता. मोतीबिंदूमुळे वाचन सुटलं तेव्हा तिनं तो रात्रभर चार्ज केला, सुती कापडात गुंडाळला आणि लोखंडी कपाटात पैठणीशेजारी ठेवून दिला. कोथरूडमधला वरचा मजला, डोक्यावर गच्ची, कपाट पश्चिमेच्या भिंतीला लागलेलं. यंदा ऑपरेशन झालं, चष्मा बदलला आणि रीडर बाहेर निघाला, तर पडद्यावर रिकाम्या बॅटरीचं चित्र. दिवसभर चार्जरला लावला तरी हूं की चूं नाही. "इतका जपून ठेवला होता रे," ती म्हणाली.

तिनं जपण्यासाठी जे केलं, त्यानंच बॅटरी गेली. हे तिला पटवून देताना मला या यंत्राचा सगळा इतिहासच सांगावा लागला.

पहिली गोष्ट त्या चित्राची. बॅटरी मेलेली, मग चित्र दिसतं कसं? ई-रीडरचा पडदा १९९७ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधून निघालेल्या ई इंक या कंपनीच्या तंत्रावर चालतो. पडद्यात केसाच्या जाडीच्या सूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत विद्युतभारित काळे-पांढरे कण तरंगतात. विजेचा झटका दिला की कण वर-खाली होतात आणि मग तिथेच थांबतात. पान धरून ठेवायला वीज लागत नाही, ती लागते पान बदलायला. आत्याच्या रीडरनं शेवटची थोडी वीज ते चित्र काढण्यात खर्च केली, आणि ते चित्र मग तसंच राहिलं.

म्हणून सुरुवातीला बॅटरीचं आयुष्य पानांत मोजत. २००४ साली जपानमध्ये सोनीचा लिब्रिए आला, ई इंकचा पडदा असलेला बाजारातला पहिला रीडर. त्यात टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतो तसले चार बारके सेल असत आणि तेवढ्यावर सुमारे १०,००० पानं उलटतील असं सांगितलं जाई. सेल संपले की कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे आणायचे. बॅटरी म्हातारी होण्याचा प्रश्नच नव्हता. २००६ च्या सोनी रीडरमध्ये चार्ज होणारी बॅटरी आली, पण माप पानांचंच राहिलं: ७,५०० पानं. मला हे माप फार प्रामाणिक वाटतं. पुस्तक केवढं जाड आहे ते वाचणाऱ्याला ठाऊक असतं, हिशेब त्याचा तो करू शकतो.

नोव्हेंबर २००७ मध्ये ॲमेझॉनचा पहिला ई-रीडर, किंडल, आला. त्याचं मागचं झाकण सरकवून बॅटरी हातानं काढता येत असे. २००९ च्या दुसऱ्या किंडलमध्ये ती सोय गेली. यंत्र ९ मिलिमीटरच्या आसपास बारीक झालं आणि बॅटरी आत बंद झाली. माझ्या मते ई-रीडरच्या इतिहासातलं हे सगळ्यात चुकलेलं वळण. जे यंत्र सहज दहा वर्षं चालू शकतं, त्याचं आयुष्य त्याच्या सगळ्यात नाशवंत भागाला बांधून टाकलं.

मग पानं गेली आणि आठवडे आले. मे २०११ मध्ये बार्न्स अँड नोबल या अमेरिकन पुस्तकविक्रेत्या कंपनीनं आपला नूक सिंपल टच हा रीडर जाहीर करताना 'दोन महिने बॅटरी' असं सांगितलं. किंडलचा दावा तेव्हा एक महिन्याचा होता. लगेचच तोही दोन महिने झाला. बॅटरी तीच, यंत्र तेच. आधी रोज एक तास वाचन धरलं होतं, आता अर्धा तास धरलं, एवढाच फरक. तेव्हापासून हा रोजचा अर्धा तास जाहिरातींत मुक्कामाला आहे. २०२४ च्या किंडल पेपरव्हाइटचे '१२ आठवडे'ही रोज अर्धा तास, वायरलेस बंद आणि दिवा मध्यम धरूनच दिलेले आहेत. गुणाकार केला तर वाचनाचे ४२ तास होतात. रोज तीन तास वाचणाऱ्याला ते दोन आठवडे पुरतील. तक्रार करणाऱ्या कितीतरी जणांची बॅटरी ठणठणीत असते. त्यांचा दोष एवढाच की ते जास्त वाचतात.

दिव्यानंही हिशेब बदलला. २०१२ मध्ये आधी नूक आणि मग पेपरव्हाइट पडद्यावर उजेड पाडणाऱ्या दिव्यासह आले. आता पान नुसतं उघडं ठेवलं तरी वीज जाऊ लागली. आपल्याकडच्या वाचकांचा आणखी एक खर्च असा, की किंडलवर मराठी पुस्तकं रीतसर विकायला लागली ती डिसेंबर २०१६ पासून. त्याआधी, आणि जुन्या पुस्तकांसाठी आजही, स्कॅन केलेल्या पीडीएफचाच आधार. प्रत्येक पान म्हणजे एक चित्र. ते मोठं करा, सरकवा, पुन्हा सरकवा, आणि दर वेळी पडदा नव्यानं रंगतो. शिवाय एकदम शंभर पुस्तकं आत टाकली की शोधासाठी त्यांची सूची बनवण्यात यंत्र रात्रभर जागं राहतं. एखादी फाइल खराब निघाली तर ते तिथेच अडकतं आणि सकाळी बॅटरी रिकामी. अशा वेळी बॅटरी बदलायला धावू नये, ती फाइल काढून पाहावी.

आता म्हातारपणाकडे येऊ. रीडरमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी सोनीनं १९९१ मध्ये बाजारात आणली आणि तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ती दोन तऱ्हांनी झिजते: वापरानं आणि वयानं. साधारण ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते, असं ढोबळमानानं धरतात. रोज चार्ज होणारा मोबाइल तिथे दीड वर्षात पोचतो. तीन आठवड्यांनी एकदा चार्ज होणाऱ्या रीडरला जवळजवळ ३० वर्षं लागतील. म्हणजे रीडरची बॅटरी वापरानं सहसा मरतच नाही. तिला मारतं वय.

बॅटरीच्या ग्रॅफाइटच्या बाजूवर पहिल्याच चार्जिंगला एक पातळ थर धरतो. तो लागतोच, पण पुढे वर्षानुवर्षं जाड होत जातो आणि कामाचं लिथियम गिळत राहतो. उष्णता आणि भरगच्च चार्ज या दोन गोष्टी त्याला खतपाणी घालतात. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि गच्चीखालचं लोखंडी कपाट तापून निघतं. तिथे आत्यानं बॅटरी शंभर टक्के भरून ठेवली. पुढे ती हळूहळू उतरून पार तळाला गेली, तोही धोकाच. फार खाली उतरलेल्या बॅटरीत आतलं तांबं विरघळू लागतं, म्हणून संरक्षण करणारं सर्किट तिचा रस्ताच बंद करतं.

मी रीडर तपकीर गल्लीतल्या एका दुकानात नेला. कारागिरानं पातळ प्लास्टिकची पट्टी कडेनं फिरवत मागचं झाकण उचललं. आत चपटी असायला हवी ती चंदेरी थैली उशीसारखी टम्म झाली होती. "फुगलीये सर, हात नका लावू," तो म्हणाला. आतलं द्रावण बिघडून वायू धरला होता आणि पडद्याला मागून रेटत होता. आणखी एक उन्हाळा गेला असता तर पडदाही फुटला असता. त्याच्याकडे त्या मापाच्या दोन बॅटऱ्या होत्या. लेबलं वाचून त्यानं अलीकडच्या तारखेची निवडली, कारण दुकानाच्या फळीवरही वय वाढतंच. बॅटरी आणि मजुरी मिळून दीड हजार रुपये झाले. जुनी त्यानं पत्र्याच्या वेगळ्या डब्यात ठेवली. अशी थैली घरच्या सुक्या कचऱ्यात कधीही टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेट घेते आणि भाजतात ते कचरा वेचणाऱ्यांचे हात. ई-कचरा म्हणून वेगळी द्या.

झाकण सहज उघडण्याचे दिवस परत येताहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. २०२४ मध्ये कोबो या ई-रीडर कंपनीनं आपले काही रीडर दुरुस्त करता येतील असे बनवून आयफिक्सिट या घरच्या घरी दुरुस्ती शिकवणाऱ्या कंपनीबरोबर सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती द्यायला सुरुवात केली. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. आपल्याकडचे २०२२ चे नियम बॅटरी गोळा करण्याची आणि तिच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर टाकतात, पण ती काढता येण्याबद्दल असा आग्रह धरत नाहीत.

आत्या आता रोज दुपारी दोन तास वाचते. पावसाळ्यात मुलाकडे बेंगळुरूला जाणार आहे आणि रीडर इथेच राहणार आहे. तिनं मला फोन करून विचारलं, "निम्मा भरून, मधल्या खोलीत, खालच्या कप्प्यात. बरोबर ना?"