मिङिस आणि चम्ली: एकात खिळ्याचा घोळ, दुसऱ्यात जिभेची घाई

एम-ई-एन-झेड-आय-ई-एस. हे आडनाव आपण 'मेन्झीज' वाचणार आणि स्कॉटलंडमधला माणूस म्हणणार 'मिङिस'. 'चोल्मन्डेली' असं लिहिलेल्याचा उच्चार मात्र 'चम्ली'. (यातला च 'चहा'तला, 'चमचा'तला नव्हे.) दोन्हीकडे 'लिहायचं एक, बोलायचं एक' म्हणून लोक त्यांना एकाच माळेत ओवतात. पण या दोघांची गोष्ट अगदी उलटी आहे.

मिङिसमध्ये झेड मुळात नव्हताच. जुन्या स्कॉट्स लिपीत 'योग' नावाचं एक अक्षर होतं. दिसायला इंग्रजी तीनच्या आकड्यासारखं, उच्चार बहुधा 'य'च्या जवळचा. छपाई आली तेव्हा मुद्रकांकडे त्याचा खिळा (धातूचा अक्षर-ठसा) नव्हता, म्हणून त्यांनी दिसायला जवळचा झेड बसवला. लोक बोलत राहिले पूर्वीसारखंच; 'न' आणि 'य' मिळून पुढे 'ङ' झाला, आपल्या 'वाङ्मय'मधला. 'डॅल्झील' दिसणारं आडनाव 'डीएल' होतं, तिथला झेडही असाच उपरा.

चोल्मन्डेलीत अक्षरांची काही चूक नाही. इंग्लंडच्या चेशरमधल्या या गावाच्या नावाचा मूळ अर्थ 'चेओलमुंड नावाच्या माणसाचं रान तोडून केलेलं मोकळं शेत'. गावावरून आडनाव आलं. शतकानुशतकं बोलताना मधला भाग गळत गेला, जसं आपण 'रावसाहेब'चं 'रावसाब' करतो. लेखन तेवढं जुनं राहिलं. लेस्टर आणि वुस्टर (लिहिलेलं दिसतं 'लायसेस्टर', 'वोर्सेस्टर') ही क्रिकेटमुळे ओळखीची झालेली नावंही अशीच झिजलेली. फेदरस्टनहॉ या आडनावाचं 'फॅनशॉ' म्हणजे मात्र कहरच!

थोडक्यात, मिङिसचा उच्चार जुना आणि अक्षर चुकीचं. चम्लीची अक्षरं जुनी आणि उच्चार नवा.

म्हणून स्कॉटिश आडनावात झेड दिसला की आधी शंका घ्यावी. पण त्या शंकेवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. 'मॅकेन्झी'तही एकेकाळी योगच होता, तिथे मात्र छापील झेड जिंकला आणि सगळे आता झेडच म्हणतात. 1815 साली भारताचे पहिले सर्व्हेअर जनरल झालेले कॉलिन मॅकेन्झी आपल्यालाही याच उच्चारानं माहीत आहेत. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान रॉबर्ट मेन्झीज (1939–41 आणि 1949–66) स्वतःचं आडनाव झेड उच्चारूनच सांगत. गंमत म्हणजे त्यांचं टोपणनाव 'मिंग' होतं, स्कॉटिश उच्चारावरून पडलेलं! ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे 2006–07 मधले नेते मेन्झीज कॅम्बेल यांना तर सगळे 'मिंग'च म्हणत, आणि त्यांच्या बाबतीत ते आडनाव नव्हे, मधलं नाव होतं.