मायक्रोवेव्हमधले खिम्याचे गोळे आतून शिजतात का?

मायक्रोवेव्ह पदार्थ आतून शिजवतो असं सर्रास सांगितलं जातं आणि विज्ञानवाले लोक ते लगेच खोडून काढतात. दोघंही थोडेथोडे बरोबर आहेत आणि मजा म्हणजे खिम्याचे गोळे हे असं प्रकरण आहे की तिथे अफवाच जास्त खरी ठरते.

आधी यंत्राचं बघू. आत मॅग्नेट्रॉन नावाची एक नळी असते, मूळ रडारसाठी बनवलेली. १९४५ मध्ये रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातलं चॉकलेट रडारचं काम करताना वितळलं आणि त्यातून हा ओव्हन निघाला, हा किस्सा बहुतेकांना माहीत असतो. घरच्या ओव्हनमधल्या लहरी २४५० मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सुमारे १२ सेंटीमीटर लांबीच्या. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन आणि दुसरी किंचित ऋण असते, लहरीचं विद्युत क्षेत्र सेकंदाला २४५ कोटी वेळा आलटून पालटून दिशा बदलतं, रेणू त्याच्यामागे वळायला बघतात, शेजाऱ्यांना धक्के देतात आणि त्यातून उष्णता तयार होते.

पण या लहरी मांसात फार खोल जात नाहीत. दीडेक सेंटीमीटरमध्येच बरीचशी ऊर्जा शोषली जाते, मीठ जास्त असेल तर अजून आधी. म्हणून मोठा तुकडा ठेवलात तर मधलं मांस बाहेरून आत सरकणाऱ्या उष्णतेवरच शिजतं, साध्या टोपात शिजतं तसंच. विज्ञानवाल्यांचा मुद्दा तो हाच.

गोळ्याचं गणित मात्र वेगळं आहे. हवेतून मांसात शिरताना लहर जोरात वाकते आणि जवळपास सरळ केंद्राकडे वळते, आणि गोळा सगळीकडून गोल असल्यामुळे चहूबाजूंनी आलेल्या लहरी मध्यावर येऊन एकवटतात, भिंगातून ऊन एका ठिपक्यावर पडावं तशा. साधारण २ ते ६ सेंटीमीटर व्यासाच्या गोल पदार्थांत हे दिसतं, तिथे केंद्र कडेपेक्षा आधी तापू शकतं. त्याहून मोठा लाडू वळलात तर लहरी मध्यापर्यंत पोचायच्या आतच विरतात आणि आत कच्चं राहतं. म्हणजे गोळा लिंबाएवढा ठेवा, चिकूएवढा नको, बस्स. घरोघरी लहानच गोळे वळायची जी पद्धत आहे तिला भौतिकशास्त्राचा पूर्ण पाठिंबा आहे 🙂

आता तक्रार नंबर एक, लाल खरपूस का होत नाहीत. कारण ओव्हनमधली हवा तापतच नाही. पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन उडत राहतं, ती वाफ उष्णता घेऊन जाते आणि बाहेरचा थर १०० अंशांच्या वर चढत नाही. खरपूस रंग आणि तो वास ज्या मेयार रिअ‍ॅक्शनमुळे येतो तिला झपाट्याने चालायला साधारण १४० अंश लागतात. त्यामुळे पांढरट-करडे, उकडल्यासारखे गोळे बाहेर येतात आणि खरं सांगायचं तर दिसतात भयाण. माझं मत विचाराल तर मायक्रोवेव्हमध्ये कोरडे गोळे करूच नयेत. शिजवून घ्या आणि मग तव्यावर थोड्या तेलात परता, नाहीतर सरळ नारळाच्या लालभडक रश्शात सोडा, रंगाचं काम काश्मिरी मिरची करते.

दुसरी तक्रार रबरासारखे होतात ही. मांसातली प्रथिनं ५०-५५ अंशांपासून आवळायला लागतात आणि ७० च्या पुढे तर पिळल्यासारखं पाणी बाहेर टाकतात, मायक्रोवेव्ह हे सगळं इतक्या पटापट करतो की मिनिटभर जास्त झालं तरी फरक कळतो. उपाय पोदेराकडचा, म्हणजे आपल्या गोव्यातल्या पाववाल्याकडचा, कालचा पाव. तो दुधात भिजवून पिळून खिम्यात मळला की त्यातला स्टार्च सुटलेलं पाणी धरून ठेवतो. मीठ घालून मळलं की मायोसिन नावाचं प्रथिन सुटतं, खिमा हाताला चिकटायला लागतो तेव्हा समजायचं की आता गोळा फुटणार नाही.

वेळ किती लावायचा? अर्धा किलो खिमा फ्रीजच्या ५ अंशांवरून ७५ वर न्यायला सुमारे १२० किलोज्यूल लागतात, ८०० वॉटच्या ओव्हनला हिशेबाने अडीच मिनिटं. प्रत्यक्षात वाफ उडते, ताट तापतं, सगळी ऊर्जा खिम्यात जात नाही, म्हणून झाकण ठेवून पाच-सहा मिनिटं धरा, मध्ये एकदा उलटा. पॉवर निम्मी केली तर जुन्या पद्धतीच्या ओव्हनमध्ये लहरी निम्म्या जोराने येत नाहीत, पूर्ण जोरात चालू-बंद होतात, कान दिलात तर घूंऽऽ आवाज येऊन थांबताना ऐकू येतो. त्या थांबण्यात उष्णता पसरते.

गोळे ताटात कडेने गोल लावा, मध्ये काही ठेवू नका. आत लहरींचे गरम आणि थंड पट्टे एका जागी उभे असतात, फिरणारं ताट कडेच्या गोळ्यांना त्यातून फिरवतं, पण मधला बिचारा एकाच जागी गिरक्या घेत बसतो. पट्टे बघायचेच असतील तर फिरणारं ताट काढून तिथे उडदाचे पापड पसरून ठेवा, काही ठिकाणी फुलतात, काही ठिकाणी कच्चेच.

आणि रंगावर अजिबात जाऊ नका. खिमा दळताना वरचे जंतू आतपर्यंत मिसळतात, म्हणून मटण, बीफ, पोर्कचा खिमा मध्यभागी ७१ अंश आणि चिकनचा ७४ अंश व्हायला हवा. आपल्याकडे तर खिम्यात माडाच्या सुरेचं व्हिनेगर पडतं, आणि आंबटपणामुळे मांसाचा लाल रंग कच्चा असतानाच करडा होतो, वर हळद-मिरचीचा रंग वेगळाच. स्वयंपाकाचा थर्मामीटर एका नाही, दोन-तीन गोळ्यांत खुपसून बघा, आणि तेही बाहेर काढून दोन मिनिटं झाकून ठेवल्यावर.