व्ही.पी. 'सोडवणे' : टपालाने येणाऱ्या औषधांची पार्श्वभूमी

कोल्हापुरात वयस्कर माणसे टपालाने पैसे भरून घेतलेली वस्तू 'विकत घेतली' असे म्हणत नाहीत. 'व्ही.पी. सोडवली' म्हणतात. व्ही.पी. म्हणजे व्हॅल्यू पेएबल, दारात पोस्टमनला पैसे देऊन घ्यायचे पार्सल. दागिना सोडवतात, गहाण पडलेली जमीन सोडवतात, तशी व्ही.पी. सोडवतात. जी वस्तू अजून डोळ्यांनी पाहिलेली नाही, ती आधीच आपली आहे आणि पोस्टात अडकून पडली आहे, असा अर्थ या क्रियापदात बसलेला आहे. टपालाने औषधे आणि घरगुती वस्तू विकण्याच्या ब्रिटिशकालीन धंद्याबद्दल लिहिताना जाहिरातींच्या भडक मजकुरावरच बोट ठेवले जाते. माझ्या मते खरी मेख या एका क्रियापदात आणि त्यामागच्या टपाली नियमात आहे.

कालक्रम थोडक्यात असा. व्हॅल्यू पेएबलची सोय १८७७ साली सुरू झाली. १८७९ साली पाव आण्याचे म्हणजे एका पैशाचे कार्ड आले आणि १८८० साली मनीऑर्डर. तिन्हींची सांगड बसली : कार्डावर मागणी लिहायची, पोस्टमनने माल देऊन पैसे घ्यायचे, ते मनीऑर्डरने विक्रेत्याला पोचायचे. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली, आणि १८९५ साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसली. गाडी आल्यावर पार्सलांचा रस्ता मोकळा झाला. शिवणयंत्रासारखा जड माल रेल्वेने यायचा आणि त्याची पावती तेवढी व्ही.पी.ने. पावती सोडवली की स्टेशनावर जाऊन माल उचलायचा. हलका माल थेट पोस्टमनच्या पिशवीतून येई : खिशातली घड्याळे, रबरी शिक्के, केशतेलाच्या बाटल्या, चष्मे, आणि औषधांच्या डब्या.

घड्याळ आणि औषध यांत मात्र मोठा फरक होता. घड्याळ बंद निघाले तर त्याच दिवशी कळते. औषधाला महिना-दीड महिना द्यावा लागतो, आणि गुण आला नाही तर 'पथ्य मोडले असेल' हे उत्तर तयार असते.

जाहिराती यायच्या पुण्या-मुंबईच्या पत्रांतून. त्यांपैकी 'केसरी'चे कोल्हापुराशी नाते फार जवळचे होते. १८८२ साली इथल्या दिवाणांच्या बदनामीच्या प्रकरणात त्याचे संपादक आगरकर आणि त्यांचे सहकारी टिळक मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस राहून आले होते. ज्या पत्रावर एवढा जीव, त्याच्या पाठच्या पानावरच्या औषधावरही विश्वास बसायचा. 'रामबाण', 'अक्सीर', 'नकली मालापासून सावध रहा', 'शेकडो प्रशंसापत्रे' आणि शेवटी 'ट. हं. निराळे'. हंशील म्हणजे टपालाचा खर्च. छापील किमतीत तो नसायचा, आणि दारात पोस्टमन सांगेल तो आकडा जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा जास्त असायचा.

आमच्या घरच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक चपटी डबी आहे. झाकणावरचा रंग उडाला आहे. आत गोळ्या नाहीत, पण घडी केलेला एक कागद आहे, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला गुजराती. सकाळ-संध्याकाळ दोन गोळ्या दुधातून, तेल, मिरची आणि आंबट वर्ज्य. खाली रोगांची यादी : अग्निमांद्य, मूळव्याध, अशक्तता, स्मरणशक्ती कमी होणे, स्त्रियांचे विकार. कागदाच्या मोकळ्या कडेला पणजोबांनी पेन्सिलीने उभ्या रेघा मारल्या आहेत, रोजची एक. एकवीस रेघा आहेत. ज्या माणसाने एकवीस दिवस इतक्या नेमाने हिशेब ठेवला, त्याला 'भोळा गिऱ्हाईक' म्हणून मोकळे होणे मला मान्य नाही.

आता नियमाकडे. १८९८ च्या टपाल कायद्यात व्ही.पी.साठी ३४ आणि ३५ ही कलमे होती. पत्त्यावरच्या माणसाकडून पैसे वसूल होईपर्यंत त्या रकमेची कोणतीही जबाबदारी सरकारवर नाही, हे कलम ३४ ने स्पष्ट केले. पैसे न देता पाकीट फोडून पाहण्याची मुभा घेणाऱ्याला नव्हती. पैसे आधी, पाकीट मागून. पोस्टमन समोर उभा, लाखेचा शिक्का जागच्या जागी, आणि आत गोळ्या आहेत की खडूच्या वड्या, हे पैसे दिल्यावरच कळणार. नकार दिला तर पार्सल परत जाई आणि विक्रेत्याचा टपालखर्च बुडे, इतकेच.

याच्यावरून दोन बाजू पडल्या, आणि आजही पडतात. एक बाजू म्हणते, टपालखाते हे फक्त वाहक. हमाल जसा पोत्यातल्या धान्याची हमी देत नाही, तसेच हे. शिवाय पाकीट आधी उघडू दिले असते तर लोकांनी वस्तू पाहून, वापरून परत केल्या असत्या आणि प्रामाणिक विक्रेता बुडाला असता. या म्हणण्यात तथ्य आहे. कलम ३५ ने सरकारला असा नियम करण्याचा अधिकारही दिला होता की, खरी मागणी आल्यावरूनच माल पाठवत आहे असे विक्रेत्याने लिहून दिल्याशिवाय व्ही.पी. स्वीकारू नये. न मागता पार्सल पाठवून पैसे उकळण्याला त्याने आळा बसावा, हा हेतू. फसवणूक झाली असेल तर वसूल केलेली रक्कम अडकवून ठेवून ती घेणाऱ्याला परत देण्याची तरतूदही या कलमात होती.

दुसरी बाजू गिऱ्हाइकाची, आणि मला तीच जास्त वजनदार वाटते. खाकी कपड्यातला सरकारी माणूस पार्सल घेऊन येतो, सरकारी शिक्का मारलेला कागद देतो, पैसे मोजून घेतो. पन्हाळ्याच्या किंवा भुदरगडच्या गावात त्या काळी सरकारचे रूप म्हणजे तलाठी, फौजदार आणि पोस्टमन. तो जे हातात देतो ते सरकारने पारखलेले आहे, असा समज होणे अगदी स्वाभाविक होते. पोस्टमन गावचा ओळखीचा. पार्सल परत करायचे तर आख्ख्या आळीला कळणार की अमक्याने मागवले आणि ऐन वेळी त्याच्याकडे पैसे नव्हते. त्यात औषध गुप्तरोगाचे असेल तर तक्रार करायची तरी कोणत्या तोंडाने? 'फसवणूक झाल्यास रक्कम परत' ही तरतूद ज्याला स्वतःचे दुखणे लिहून अर्ज करता येईल त्याच्याच कामाची होती.

बंगालमध्ये १८९२ पासून पोस्टातून कोयनेलच्या पुड्या एका पैशाला विकल्या जात. म्हणजे टपालखाते नुसता हमाल नव्हते. हिवतापावरचे खरे औषध तेच खाते विकत होते आणि बंद पाकिटातले कसलेही औषधही तेच खाते पोचवत होते. हा फरक लोकांनी कसा ओळखायचा होता?

कोल्हापुरात यात आणखी एक गुंता होता. इथे राज्य दरबाराचे. कोर्टे संस्थानची, कोर्ट फीची तिकिटे संस्थानची, पण टपाल मात्र ब्रिटिश हिंदुस्थानचे. जाहिरात छापली पुण्यात, इंग्रजी हद्दीत. औषध बनवणारा बहुतेकदा काठेवाडातल्या दुसऱ्याच एखाद्या संस्थानात. पैसे भरले कोल्हापूरच्या पेठेत. एका रुपयाच्या डबीमागे तीन हद्दी. ब्रिटिश हिंदुस्थानात झालेला कायदा संस्थानात आपोआप लागू होत नसे, दरबाराने तो स्वीकारावा लागे. फसलेल्या माणसाने फिर्याद करायची कुठे, याला सरळ उत्तर नव्हते. रुपयासाठी परमुलखात खटला कोण चालवणार?

डब्यांत काय असायचे, याची कल्पना विलायतेतल्या पृथक्करणावरून येते. १९०९ साली तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने गुप्त औषधांची तपासणी छापली. जगभर खपणाऱ्या एका जुलाबाच्या गोळीत त्यांना काळा बोळ, सुंठ आणि साबण सापडला. सव्वा शिलिंगाच्या आतबाहेर किमतीच्या ५६ गोळ्यांच्या डबीतला माल अर्ध्या फार्दिंगचा, आणि फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा भाग. हगवणीवर चालणाऱ्या विलायती थेंबांत तर अफूचे सत्त्व असे. देशी गोळ्या सगळ्याच खोट्या होत्या असे मी म्हणत नाही. काही आजही दुकानांत मिळतात आणि लोक समाधानाने घेतात. तक्रार ही की, कागदावर घटक छापण्याची सक्ती कुणावरच नव्हती.

१९४० चा औषध कायदा आला तेव्हा केवळ आयुर्वेदिक किंवा युनानी पद्धतीने वापरायची औषधे त्यातून वगळली होती. ती कायद्याच्या कक्षेत आली १९६४ साली. दरम्यान १ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले आणि हद्दींचा प्रश्न मिटला. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या जाहिरातींवरील कायद्याने लैंगिक शक्ती, मासिक पाळीचे विकार आणि ठरावीक रोगांवरच्या औषधांच्या जाहिरातींना बंदी केली. मंतरलेले ताईत आणि कवचेही त्यात आली. त्याविरुद्ध औषध बनवणारे सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९५९ मध्ये न्यायालयाने म्हटले की अशी जाहिरात हा व्यापाराचा भाग आहे, भाषणस्वातंत्र्याचा नव्हे. मात्र रोगांची यादी वाढवण्याचे सरकारचे मोकळे अधिकार आणि जप्तीचे कलम त्याच निकालाने रद्द केले, आणि १९६३ साली कायदा दुरुस्त करावा लागला. पणजोबांच्या कागदावरच्या यादीतले स्त्रियांचे विकार १९५४ नंतर जाहिरातीत छापता आले नसते.

पुढचा वाद अगदी अलीकडचा. आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधांची जाहिरात करण्याआधी परवानगी घ्यावी, असा नियम १७० हा २०१८ साली आला. १ जुलै २०२४ ला केंद्राने तो काढून टाकला. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या काढण्याला स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते प्रकरण निकाली काढले. तिकडे १८९८ च्या टपाल कायद्याची जागा २०२३ च्या कायद्याने घेतली, तो जून २०२४ पासून लागू आहे. नव्या कायद्यात व्ही.पी.ची ती जुनी कलमे नाहीत, तपशील नियमांवर सोपवला आहे. कुरिअरवाला दारात आला की पैसे आधी द्यायचे आणि खोके मागून उघडायचे, हा क्रम मात्र बहुतेक ठिकाणी तसाच आहे, आणि आमच्या घरी आई अजून आतून विचारते, "किती भरायचेत रे सोडवायला?"