वन-उष्णताविनिमय, शुष्क

पाण्याची टंचाई असलेल्या प्रदेशांतील वने सूर्याकडून मिळालेली ऊर्जा वातावरणाला परत देतात, ती प्रक्रिया. रानात गार वाटते याचे श्रेय सहसा सावलीला व बाष्पोच्छ्वासाला (पानांतून पाण्याची वाफ बाहेर पडण्याला) दिले जाते. कोरड्या रानात यांतले दुसरे कारण जवळजवळ गळून पडते.

१ किग्रॅ. पाण्याची वाफ होण्यात सु. २४ लाख ज्यूल उष्णता खर्च होते. मुळांना ओल मिळेनाशी झाली की पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) मिटतात, ही वाट बंद होते आणि ऊर्जा हवा तापवण्यात जाते. हवा तापवणाऱ्या (संवेद्य) व वाफेत जाणाऱ्या (सुप्त) उष्णतेच्या प्रमाणास बोएन गुणोत्तर म्हणतात (आय. एस. बोएन, १९२६). शुष्क वनांत ते १ च्या बरेच वर असते.

या विषयाची चर्चा मुख्यतः इस्राएलमधील यातिर वनाभोवती फिरते. नेगेव्ह वाळवंटाच्या उत्तर कडेला, वर्षाला सु. २८० मिमी. पावसावर, १९६० च्या दशकात लावलेले हे अलेप्पो पाइनचे सु. २,८०० हेक्टरांचे रान. गडद असल्याने ते भोवतालच्या फिकट जमिनीपेक्षा जास्त ऊन शोषते. तरी त्याचा पृष्ठभाग सरासरी सु. ५° से. नी थंड आढळला. रोटेनबर्ग व याकीर (२०१०) यांच्या मते, विरळ, उंचसखल झाडोऱ्यामुळे वाऱ्यात भोवरे उठतात व ते पानांवरची उष्णता झपाट्याने वर नेतात. म्हणजे पान थंड राहते ते हवेला तापवूनच. थंड पृष्ठभाग अवरक्त प्रारणही कमी सोडतो, त्यामुळे शोषलेल्या ऊर्जेत भरच पडते. म्हणून असे रान पृथ्वीला लगोलग थंड करते, हे म्हणणे टिकत नाही. साठवलेल्या कार्बनाने ही भर फेडायला काही दशके लागतात. उलट बाजूने, वनस्पती गेल्याने जमीन फिकट होते व पाऊस घटतो, असे हवामानशास्त्रज्ञ चार्नी यांनी १९७५ मध्ये मांडले होते. रान स्वतःच समुद्रावरचा ओलावा ओढून घेते, हे ‘जैविक पंपा’चे मत (२००७) मात्र वादग्रस्त आहे; उदा., कोकणच्या पावसासाठी मोसमी वारे व सह्याद्री एवढे पुरेसे वाटते.

हाच विचार कोकणाला लावून पाहता येतो. पर्जन्यमानाने कोकण शुष्क नव्हे. पण पाऊस जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात. जांभ्याच्या सड्यावर (सपाट खडकाळ माळावर) माती वीतभरही नसते, आणि पाणी सच्छिद्र खडकातून खाली जाऊन सड्याच्या पायथ्याशी झऱ्याने फुटते. चैत्रात सड्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. गवत वाळून पेंढ्याच्या रंगाचे झालेले असते, तापल्या दगडावरची हवा थरथरताना दिसते. उतारावरचे साग तेव्हा निष्पर्ण असतात. रुंद पान वाऱ्याला उष्णता सहज देत नाही हे खरे, पण पानगळीचे मुख्य कारण पाण्याची बचत मानणे अधिक सयुक्तिक. झऱ्याकाठची देवराई मात्र हिरवी असते, तिथे बाष्पोच्छ्वास चालू राहतो. यातिरचे निष्कर्ष तिला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

सड्यावरील काजूची लागवड हा निराळा प्रकार. काजू सदाहरित, म्हणून वाळल्या गवतापेक्षा तो उन्हाळाभर जास्त ऊन शोषतो. उघडा जांभा मुळातच काळपट असल्याने त्याच्याशी तुलना केल्यास फरक कमी पडतो. दुपारी खारा वारा सुटला की बागेच्या शेंड्यांवरची उष्णता तो वाहून नेतो, आणि खाली काजू वेचणाऱ्यांना तेवढाच वेळ बरे वाटते.