चार्जर ‘ऑनलाइन’ आहे, मग गाडी चार्ज का होत नाही?

2022 च्या सुरुवातीला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतल्या संशोधकांच्या गटाने अगदी सरळ चाचणी घेतली. सॅन फ्रान्सिस्को बे परिसरातल्या 181 सार्वजनिक फास्ट चार्जिंग स्टेशनांवर जाऊन 657 सीसीएस गन (या फास्ट चार्जिंग पद्धतीचे गाडीला लावायचे प्लग) त्यांनी प्रत्यक्ष गाडीला लावून पाहिल्या. दोन मिनिटं चार्जिंग टिकलं तर गन चालू, नाहीतर बंद. 72.5 टक्के चालल्या. 4.9 टक्के ठिकाणी केबलच गाडीपर्यंत पोचत नव्हती. उरलेल्या सुमारे 23 टक्क्यांत गोठलेला स्क्रीन, कार्ड न स्वीकारणारं मशीन, गायब नेटवर्क, तुटलेली गन, सुरूच न होणारं चार्जिंग असं सगळं होतं. त्याच काळात ऑपरेटर कंपन्या 95 ते 98 टक्के अपटाइम, म्हणजे चार्जर चालू असण्याचा वेळ, सांगत होत्या. कंपन्या खोटं बोलत होत्या असं मानायची गरज नाही. कंपन्या आणि संशोधक वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते. हा फरक कुठून आला हे कळायला चार्जर आपल्या सर्व्हरशी ज्या प्रोटोकॉलने बोलतो त्याच्या जन्मापर्यंत मागे जावं लागतं.

हा प्रोटोकॉल म्हणजे ओसीपीपी, ‘ओपन चार्ज पॉइंट प्रोटोकॉल’. नेदरलँड्समधल्या वीज वितरण कंपन्यांनी 2009 मध्ये ई-लाड नावाची संस्था उभी केली आणि रस्त्याकडेला चार्जिंगचे खांब बसवायला घेतले. खांब वेगवेगळ्या उत्पादकांचे, पण देखरेख एकाच सर्व्हरवरून हवी होती. प्रत्येक उत्पादकाचं स्वतंत्र सॉफ्टवेअर घेतलं असतं तर संस्था कायमची त्यांच्या दावणीला बांधली गेली असती. म्हणून सर्वांना खुला असा संवादाचा नियम ठरला.

तेव्हाचे खांब एसी होते. आत एक मीटर, एक कॉन्टॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा स्विच), कार्ड रीडर आणि छोटा कंट्रोलर. एसीचं डीसी करण्याचं काम गाडीतला चार्जर करतो, त्यामुळे खांबात बिघडण्यासारखं फार काही नव्हतंच. सर्व्हरला तीन प्रश्नांची उत्तरं पुरेशी होती: कार्ड वैध आहे का, किती युनिट गेले, खांब मोकळा आहे की नाही. ओसीपीपीचे मूळ संदेशही तसेच आहेत. सुरू झाल्यावर चार्जर ‘बूट नोटिफिकेशन’ पाठवतो. सर्व्हर त्याला घड्याळाची वेळ आणि ठरावीक अंतर देतो. त्या अंतराने ‘हार्टबीट’, म्हणजे ‘मी जोडलेला आहे’ असा संदेश, येत राहतो. पुढे ऑथराइज, स्टार्ट, मीटर व्हॅल्यूज, स्टॉप. हिशेब ठेवणाऱ्या माणसाने रचलेली भाषा वाटावी, इतकी ती बिलाभोवती फिरते.

2012 च्या 1.5 आवृत्तीपर्यंत हे संदेश ‘सोप’ पद्धतीने, म्हणजे एक्सएमएल या मजकूर-मांडणीच्या पाकिटात, जात. सर्व्हरला चार्जरकडून काही करून घ्यायचं, उदाहरणार्थ दूरवरून चार्जिंग सुरू करायचं, तर चार्जरलाच छोटा वेब सर्व्हर व्हावं लागे आणि त्याचा पत्ता बाहेरून गाठता यावा लागे. मोबाइल सिमवर ते जमत नाही, कारण मोबाइल कंपनी हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे बसवते. मग प्रत्येक सिमसाठी खासगी एपीएन किंवा व्हीपीएन, म्हणजे सर्व्हरपर्यंतची वेगळी खासगी वाट, घ्या आणि त्याचं भाडं भरत राहा.

2014 मध्ये ओसीपीपी सांभाळणारी ओपन चार्ज अलायन्स ही संघटना स्थापन झाली आणि 2015 मध्ये 1.6 आवृत्ती आली, तिने हा पेच सोडवला. आता चार्जर स्वतः सर्व्हरकडे वेबसॉकेट ही दुतर्फा जोडणी उघडतो आणि ती उघडीच ठेवतो. दोन्ही बाजूंचे संदेश जेसन या सुटसुटीत मांडणीत त्याच वाटेने जातात. साधं डेटा सिम पुरतं. आज ॲपवर बटण दाबल्यावर काही सेकंदांत चार्जिंग सुरू होतं ते यामुळे. दूरनियंत्रणाच्या इतिहासातलं सर्वात उपयोगी पाऊल आमच्या मते हेच आहे; नंतरच्या आवृत्त्यांची जाहिरात जास्त झाली, एवढंच.

अर्थात याच वाटेवर नवे खड्डेही आले. काही मिनिटं काही हललं नाही तर मोबाइल नेटवर्क ती जोडणी गुपचूप विसरून जातं. चार्जरला वाटतं आपण जोडलेले आहोत, सर्व्हरलाही तसंच वाटतं, आणि रिमोट स्टार्टचा संदेश हवेत विरतो. त्यावर इलाज म्हणजे वेबसॉकेटचा पिंग, जोडणी जिवंत आहे का हे विचारणारा छोटा इशारा. हार्टबीट 300 सेकंदांवर ठेवला तरी चालेल, पण पिंग 60 सेकंदांच्या आसपास हवा, आणि पिंगला उत्तर आलं नाही तर चार्जरने जोडणी तोडून नव्याने जोडायला हवी. यातली दुसरी अट कित्येक फर्मवेअरमध्ये (चार्जरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) नीट लिहिलेलीच नसते.

दुसरा खड्डा व्यवहार क्रमांकाचा. 1.6 मध्ये हा क्रमांक सर्व्हर देतो. नेटवर्क नसताना चार्जिंग सुरू झालं तर चार्जरकडे क्रमांकच नसतो. नोंदी तो साठवून ठेवतो आणि नेटवर्क आल्यावर रांगेने पाठवतो. या रांगेत गडबड झाली की ग्राहकाच्या ॲपवर गाडी निघून गेल्यावरही चार्जिंग ‘सुरूच’ दिसतं आणि पैसे अडकतात.

दरम्यान यंत्रच बदललं होतं. जपानमध्ये 2010 मध्ये चाडेमो या फास्ट चार्जिंग पद्धतीची संघटना स्थापन झाली, 2012 मध्ये टेस्लाने पहिले सुपरचार्जर उघडले, युरोप-अमेरिकेत सीसीएस आलं. फास्ट चार्जर हे डीसी वीज थेट बॅटरीत घालणारं छोटं सबस्टेशनच असतं. आत एसीचं डीसी करणारी, समांतर जोडलेली पॉवर मॉड्यूल, डीसी कॉन्टॅक्टर, इन्सुलेशन तपासणारं यंत्र, पंखे, धुळीचे फिल्टर, गनमधले तापमान सेन्सर, आणि चार्जिंगच्या केबलमधूनच गाडीशी बोलणारा पीएलसी मोडेम. टेस्लाने गाडी, चार्जर आणि सर्व्हर तिन्ही स्वतःकडे ठेवल्याने तिला आतला प्रत्येक आकडा दिसत होता. बाकीच्यांनी मात्र एसी खांबासाठी शिवलेला अंगरखा या यंत्रावर चढवला.

1.6 मध्ये बिघाड सांगायला 16 ठरावीक कोड आहेत, आणि त्यांतला एक ‘बिघाड नाही’ असं सांगणारा. ग्राउंड फेल्युअर, हाय टेम्परेचर, ओव्हर व्होल्टेज वगैरे. मॉड्यूल बंद पडलं, इन्सुलेशन चाचणी नापास झाली, यांना स्वतःचा कोड नाही. हे सगळं ‘इतर’ किंवा ‘अंतर्गत’ बिघाडात जातं आणि खरी माहिती उत्पादकाच्या 50 अक्षरांच्या चौकटीत कोंबली जाते. त्या चौकटीत एक उत्पादक आकडा लिहितो, दुसरा इंग्रजी वाक्य, तिसरा काहीच नाही. परिणामी चार्जर सांभाळणाऱ्या प्रत्येक टीमकडे उत्पादक आणि फर्मवेअर आवृत्तीनिहाय कोडांचा एक तक्ता असतो. फर्मवेअर बदललं की तो चुकतो.

सर्वात फसवा प्रकार अर्ध्या ताकदीचा. 60 किलोवॅटच्या चार्जरमध्ये 30-30 ची दोन मॉड्यूल असतील आणि एक गेलं, तरी चार्जर ‘उपलब्ध’च दाखवतो, गाडीही चार्ज होते, फक्त दुप्पट वेळ लागतो. विदर्भातल्या मे महिन्यात फिल्टर तुंबला तरी तेच, कारण तापलेली मॉड्यूल स्वतःहून ताकद कमी करतात. स्थितीच्या संदेशात यातलं काही येत नाही. ते पकडायचं तर मीटर व्हॅल्यूजमधून दर सत्राची कमाल किलोवॅट काढून त्याच चार्जरच्या मागच्या महिन्याशी ताडून पाहावी. एखादी गाडीच हळू घेत असेल, म्हणून एका सत्रावर निष्कर्ष काढू नये. वेगवेगळ्या गाड्या त्याच आकड्यावर अडकत असतील तर माणूस पाठवावा.

भारतात हा प्रोटोकॉल 2017 मध्ये सरकारी कागदावर आला. भारत डीसी-001 या 15 किलोवॅटपर्यंतच्या चार्जरच्या तपशिलात ओसीपीपी 1.5 किंवा पुढची आवृत्ती मागितली होती. एप्रिल 2018 मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने चार्जिंग ही वीजविक्री नसून सेवा आहे असं स्पष्ट केलं, त्यामुळे परवान्याची अडचण गेली. डिसेंबर 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी सार्वजनिक स्टेशनांना ऑनलाइन बुकिंगची सोय देणाऱ्या नेटवर्क सेवेशी जोडून घ्यायला सांगितलं. डिसेंबर 2022 मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं, जवळचं चार्जिंग स्टेशन शोधून देणारं ईव्ही यात्रा पोर्टल आलं. या सगळ्यात भर जोडणीवर होता. जोडलेला चार्जर खरोखर चालतो का, हा प्रश्न मागे राहिला.

आपल्याकडचे बिघाडही वेगळे. लाइट गेली की चार्जरबरोबर राउटरही बंद होतो आणि सर्व्हरला फक्त शांतता ऐकू येते. सिम गेलं, राउटर अडकला की वीज गेली, हे कळत नाही आणि तंत्रज्ञाची फेरी वाया जाते. कंट्रोलर आणि राउटरला 15-20 मिनिटं पुरेल एवढी छोटी बॅटरी दिली तर सत्र थांबण्याचं कारण ‘पॉवर लॉस’ असं लगेच कळवता येतं. ही बॅटरी चार्जरच्या किमतीपुढे किरकोळ असते, तरी टेंडरमध्ये तीच आधी कापली जाते. पावसाळ्यात अर्थिंग आणि इन्सुलेशनचे बिघाड वाढतात. ते रीसेटने तात्पुरते जातात आणि परत येतात. आणि लाल इमर्जन्सी बटण कुणी गंमत म्हणून दाबलं, तर ते हाताने फिरवून सोडल्याशिवाय कोणताही सर्व्हर काही करू शकत नाही.

रीसेटचाही एक क्रम आहे. ‘सॉफ्ट’ रीसेट चालू सत्र नीट मिटवून मग यंत्र पुन्हा सुरू करतो. ‘हार्ड’मध्ये ती हमी नाही. म्हणून आधी कुणी चार्ज करत नाही ना ते बघा, डायग्नोस्टिक लॉग मागवून घ्या, मग सॉफ्ट, आणि नाइलाज असेल तरच हार्ड. लॉग न घेता रीसेट केला तर पुराव्याची माती होते. एकाच चार्जरला आठवड्यात तीनदा रीसेट लागत असेल तर तो दुरुस्त होत नाहीये, फक्त बिघाड झाकला जातोय.

दूरवरून एवढं करता येतं म्हणजे ते दुसऱ्यालाही करता येऊ शकतं. फेब्रुवारी 2022 च्या अखेरीस मॉस्को-सेंट पीटर्सबर्ग एम-11 महामार्गावरचे चार्जर बंद पडले आणि त्यांच्या स्क्रीनवर पुतिनविरोधी मजकूर झळकला. रोसेती या वीज कंपनीने सांगितलं की मुख्य भाग युक्रेनियन कंपनीचे होते आणि त्यांत मागच्या दाराने प्रवेश ठेवलेला होता. 1.6 च्या मूळ मजकुरात सुरक्षेची सक्ती ढिली होती. नंतर जोडलेल्या पुरवणीत तीन पातळ्या आल्या: फक्त पासवर्ड, टीएलएससह (जोडणी सांकेतिक करून) पासवर्ड, आणि दोन्ही बाजूंना ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र. पहिली पातळी सार्वजनिक इंटरनेटवर वापरू नये. तिसरी वापरणाऱ्यांनी प्रमाणपत्रांच्या मुदतीची तारीख आधीच कॅलेंडरवर लिहावी, नाहीतर एकाच रात्री सगळे चार्जर ऑफलाइन जातात.

नियमांनी मोजमाप बदललं ते 2023 मध्ये. अमेरिकेच्या संघीय निधीतून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक गनला 97 टक्के अपटाइमची अट लागली, आणि व्याख्येत ‘ऑनलाइन’ असण्याबरोबरच ठरलेल्या किमान ताकदीने वीज प्रत्यक्ष देणंही आलं. वर्षाच्या 5,25,600 मिनिटांतली 3 टक्के म्हणजे 15,768 मिनिटं, जेमतेम 11 दिवस. वितरण कंपनीची वीज जाणं, गाडीचा दोष, तोडफोड वगैरे यातून वगळलेलं. ब्रिटनने नोव्हेंबर 2024 पासून 50 किलोवॅट व त्यावरच्या चार्जरसाठी 99 टक्के मागितले, पण पूर्ण नेटवर्कच्या सरासरीवर. आकडा मोठा असला तरी सरासरीत एखाद्या आडरस्त्यावरचा कायम बंद चार्जर लपू शकतो. अमेरिकी अट त्या बाबतीत जास्त कडक.

या अटी पाळायला लागणारी माहिती 2020 च्या 2.0.1 आवृत्तीत मिळते. तिच्यात चार्जर म्हणजे एक डबा न राहता घटकांची यादी होतो: प्रत्येक मॉड्यूल, पंखा, सेन्सर वेगळा, आणि प्रत्येकावर मर्यादा ठेवून सूचना मागवता येते. व्यवहार क्रमांक आता चार्जरच तयार करतो, फर्मवेअरवर सही असते. जानेवारी 2025 च्या 2.1 ने गाडीतून जाळ्यात वीज परत देण्याची सोय जोडली. पण 2.0.1 चं 1.6 शी जमत नाही. सर्व्हरला दोन्ही भाषा शेजारी-शेजारी चालवाव्या लागतात, आणि जुन्या कंट्रोलर बोर्डांवर नवं फर्मवेअर बसेलच असं नाही.

शिवाय नवी आवृत्ती घेतली म्हणून उत्पादक घटकांची माहिती खरोखर भरेलच असं नाही. यादी रिकामी ठेवूनही पाटी 2.0.1 ची लावता येते. त्यामुळे चार्जर ताब्यात घेताना उत्पादकाचा तंत्रज्ञ हजर असतानाच पाहून घ्यावं. एक मॉड्यूल बंद करा, एक फेज काढा, लाल बटण दाबा, चार्जिंग चालू असताना सिम काढून दहा मिनिटांनी परत घाला, मेन स्विच पाडा. प्रत्येक वेळी सर्व्हरवर कोणता संदेश किती सेकंदांत आला ते लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्या. जिथे काहीच आलं नाही, ते बिल देण्याआधी दुरुस्त करून घ्या.