रस्त्याला किंवा चौकाला नाव द्यायचंय? आधी रस्ता कुणाचा ते बघा (सातारा-सांगली)

सह्या गोळा होतात, आमदारांचं पत्र जोडलं जातं, फोटो लावून अर्ज जातो आणि मग कधीतरी उत्तर येतं, "सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही." निम्मे अर्ज इथंच मरतात. साताऱ्यात नगरपालिका आणि सांगलीत महानगरपालिका म्हणून सगळे तिकडंच पळतात, पण शहराच्या मधनं जाणारा मोठा रस्ता बऱ्याचदा पालिकेचा नसतोच. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा, राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामकडं, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग झेडपीकडं. गावातला आतला रस्ता ग्रामपंचायतीचा, त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना 23 ला असते. साताऱ्याची हद्दवाढ 2020 ला झाली, त्या भागातला रस्ता असेल तर जुन्या ग्रामपंचायतीचं दप्तरपण बघा.

तोंडी विचारलं तर कुणी सांगत नाही, या टेबलावरनं त्या टेबलावर. सरळ माहिती अधिकार टाका, 10 रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, "अमुक ते अमुक रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, नोंदीची नक्कल द्या" एवढंच विचारा. 30 दिवसात उत्तर द्यायला लागतं त्यांना, आणि तोच कागद पुढं अर्जाला जोडायचा.

आमदारांच्या पत्राने नाव लागत नाही हो. गल्लीच्या रस्त्याला पालिकेच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या सभेचा ठराव लागतो. राज्यमार्ग असेल तर विषय मंत्रालयापर्यंत जातो, समृद्धी महामार्गाचं नावसुद्धा सरकारच्या निर्णयानेच ठरलं.

जवानाचं नाव असेल तर क्लार्क "शहीद असल्याचा दाखला" मागतो. आता या नावाचा कागद आर्मी देतच नाही, तर घरचे आणणार कुठनं! बॅटल कॅज्युअल्टी सर्टिफिकेट (लष्करी कारवाईतल्या बळीचा दाखला) असतं, ते आर्मीच्या रेकॉर्ड ऑफिसकडनं मिळतं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलात की अर्ज कसा करायचा ते सांगतात. सोबत घरच्यांचं संमतीपत्र द्या, मागितलं नसलं तरी.

आधीचं नाव बदलायचं असेल तर ते वेगळं प्रकरण, हरकती येणार हे धरूनच चाला. वस्तीचं किंवा रस्त्याचं नाव जातीवाचक असेल तर मात्र अर्जात डिसेंबर 2020 च्या राज्य सरकारच्या निर्णयाचा उल्लेख करा, अशी नावं बदलायचं धोरणच आहे.

सभेच्या आदल्या दिवशी अर्ज देऊन उपयोग नाही, विषयपत्रिका आधीच निघालेली असते. आचारसंहिता लागली की सगळंच थांबतं. आणि चौकात पुतळापण बसवू म्हणून अर्जात लिहू नका, सार्वजनिक रस्त्यावर पुतळ्याला परवानगी देऊ नका असा सुप्रीम कोर्टाचा जानेवारी 2013 चा आदेश आहे, त्यापायी नावाचा विषयपण लटकतो.

ठराव झाला की क्रमांक, तारीख, सही-शिक्का असलेली नक्कल लगेच काढून घ्या. ती हातात नसताना बोर्ड लावला तर तो अनधिकृत म्हणून काढून नेतात, मग कुणी कितीही ओरडू दे.