खानापूरच्या खाचरातले कासव आणि त्याच्या नावाचा प्रवास

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ‘कासव’ हा एकच शब्द सगळ्यांना पुरतो. भाताच्या खाचरातले कासव, विहिरीतले कासव, पाठीवर चांदण्या असलेले जमिनीवरचे कासव आणि देवळात नंदीजवळ दगडात कोरलेलेही कासवच. कन्नडमधला ‘आमे’ हा शब्दही तेवढाच सैल. त्यामुळे आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या, कातडी पाठीच्या गोड्या पाण्यातल्या कासवाला बोलीत वेगळे नाव मिळालेच नाही. शास्त्रात नाव मिळाले, पण ते दोनशे वर्षे एका जागी टिकले नाही.

लिसेमिस पंक्टाटा हे त्याचे शास्त्रीय नाव. त्यातला ‘पंक्टाटा’ १७८९ मध्ये एका फ्रेंच निसर्गअभ्यासकाने दिला, तोही आपल्या देशबांधवाने आधी केलेल्या वर्णनावरून. त्या वर्णनातले फ्रेंच नाव रवाळ, खरखरीत कातड्याच्या अर्थाचे होते. लॅटिनमध्ये ‘पंक्टाटा’ म्हणजे ठिपकेदार. पुढच्या अभ्यासकांनी साहजिकच हे नाव गंगा-सिंधूच्या खोऱ्यातल्या, पाठीवर पिवळे ठिपके असणाऱ्या कासवाला लावले. दक्षिणेतल्या बिनठिपक्याच्या कासवासाठी ‘ग्रॅनोझा’ हे वेगळे नाव रूढ झाले. १९३१ मध्ये निघालेल्या, भारतीय सरपटणाऱ्या प्राण्यांवरच्या प्रमाणभूत ग्रंथातही हीच मांडणी होती.

१९८० मध्ये मूळ नमुन्याचा, म्हणजे ज्या कासवावरून नाव दिले गेले त्याचा, पुन्हा अभ्यास झाला आणि तो उत्तरेचा नसून दक्षिणेचा, पाँडिचेरीकडचा ठरवला गेला. आधी दिलेले नाव टिकते, या प्राधान्याच्या नियमाने ‘पंक्टाटा’ दक्षिणेच्या कासवाकडे आले आणि उत्तरेच्या ठिपकेवाल्याला ‘अँडरसनी’ हे नवे नाव मिळाले. तेव्हापासून ठिपकेदार म्हणवणारे कासव बिनठिपक्याचे, आणि ज्याच्या अंगावर खरोखर ठिपके आहेत त्याच्या नावात त्यांचा पत्ता नाही. हा निर्णय नियमाला धरूनच होता. पण गोंधळ टाळण्यासाठी रूढ वापर कायम ठेवण्याची मुभाही त्याच नियमांत असते. ती इथे वापरायला हवी होती, असे मला ठामपणे वाटते, कारण तोवर ही नावे संग्रहालयांच्या कपाटांतून निघून कायद्यात पोचली होती.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे कासव त्रिपदी, म्हणजे तिसऱ्या शब्दाने उपजात सांगणाऱ्या, नावाने आले: लिसेमिस पंक्टाटा पंक्टाटा. जुन्या ग्रंथाप्रमाणे हे शब्द उत्तरेच्या कासवाचे होतात आणि १९८० नंतरच्या वाचनाने दक्षिणेच्या कासवाचे. पुढे २०११ च्या जनुकीय अभ्यासाने दक्षिणेच्या कासवातही भेद दाखवला. ‘पंक्टाटा’ खालच्या दक्षिणेपुरते राहिले आणि त्याच्या वरच्या पट्ट्यासाठी १८५४ चे ‘व्हिटाटा’ हे नाव पुन्हा वर आले. ‘व्हिटाटा’चा मूळ नमुना गोव्याचा. खानापूर तालुक्यात म्हादई उगम पावते आणि गोव्याकडे जाते. त्याच तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि कृष्णेला मिळते. म्हणजे आपल्या खाचरातल्या कासवाचा विचार या गोव्याच्या नावाशी जोडूनच करावा लागतो, आणि अक्षरशः वाचले तर अनुसूचीतले ते जुने त्रिपदी नाव त्याचे उरत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्या नव्याने मांडल्या गेल्या, त्या १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांतही हे कासव पहिल्याच अनुसूचीत आहे. ते पकडणे, पाळणे, विकणे हा गुन्हा असून त्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. उपजातीचा घोळ कोणाच्या बचावाला येऊ नये, एवढीच अपेक्षा.

नावे बदलत राहिली, पण प्राण्याच्या जगण्याची रीत फार जुनी आहे. मागचे पाय आत घेतले की पोटाकडच्या कातडी पाळ्या त्यांच्यावर झाकण घालतात. जमिनीवरच्या कासवासारखी खवल्यांची पाठ याला नाही, तरी या पाळ्यांमुळे ते जवळजवळ पूर्ण बंद होते. लांब मान आणि नळीसारखे नाक वर काढून ते बाकी अंग न दाखवता श्वास घेते, शिवाय कातडीतून आणि घशातूनही पाण्यातला प्राणवायू घेते. गोगलगायी, बेडूकमासे, मासे, मेलेले जनावर, पाणवनस्पती असे सगळे त्याला चालते. तळे आटले की ते चिखलात शिरते आणि पहिल्या पावसापर्यंत तिथेच निपचित पडून राहते. मादी काठाच्या मातीत गोल, कडक कवचाची अंडी घालून निघून जाते आणि पिल्ले बाहेर पडायला कित्येक महिने लागतात. आपल्या संतांची कासवी नुसत्या नजरेने पिल्ले पोसते. ती प्रतिमा मला अतिशय प्रिय आहे, पण या मादीला आपली पिल्ले दिसतही नाहीत.

चिखल आणि काठाची माती या दोन गोष्टींवर त्याचे सगळे जगणे उभे आहे, आणि गेल्या काही दशकांत नेमक्या त्याच बदलल्या. घटप्रभेवर हिडकल, मलप्रभेवर नवीलतीर्थ ही धरणे झाली आणि कालव्यांनी उन्हाळ्यातही पाणी दिले. कासवाला त्याचा फायदाच झाला असता. पण गावतळ्यांचे काठ दगड-सिमेंटने बांधले गेले, ऐन उन्हाळ्यात जेसीबीने गाळ उपसला जाऊ लागला आणि बांधांची माती ऊसवाटांसाठी सरकली. उन्हाळ्यातला गाळ म्हणजे निजलेली कासवे, हे उपसा ठरवताना कोणी विचारात घेत नाही. पाणी स्वच्छ राहावे म्हणून विहिरीत कासव सोडायची जुनी चाल होती. बोअरवेल आल्यावर विहिरी पडीक झाल्या. त्यांचे कठडे उभे असल्यामुळे आत राहिलेले कासव वर येऊ शकत नाही, आणि अंडी घालायला माती शोधणाऱ्या मादीचा तर प्रश्नच संपतो.

त्यात वीस नखांच्या कासवाचा गुप्तधनाशी संबंध जोडणारी समजूत अजून जिवंत आहे. तिच्यापायी कासवे गोणीत भरून नेली जातात. आपल्या या कासवाला प्रत्येक पायाला तीन, म्हणजे एकूण बाराच नखे असतात. वीस मोजायला चारही पाय पाच नखांचे लागतात, आणि आपल्या भागातल्या दुसऱ्या सामान्य पाणकासवाच्या, म्हणजे काळ्या कासवाच्या, मागच्या पायांना चारच असतात. तरी पकडणारा आधी पकडतो, मग मोजतो. आकडा जमला नाही की ते कासव भाजीत जाते किंवा दिसेल त्या ओढ्यात टाकले जाते.

२००० मध्ये धोक्यातल्या प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या जागतिक लाल यादीत हे कासव ‘चिंता नाही’ या वर्गात होते. २०२१ मध्ये ते ‘असुरक्षित’ झाले. जप्तीत सापडलेली कासवे सोडताना ती कुठल्या खोऱ्यातली, हे विचारायची पद्धत अजून रुळलेली नाही. निपाणीकडे सापडलेले दूधगंगेत जाते की मलप्रभेत, हे त्या दिवशी कोणाची गाडी कुठे चालली आहे यावर ठरते.